सिनेमाला काळे पट्टे का पडतात? टीव्ही ४३ इंची, पट्टे प्रत्येक ठिकाणी वेगळे

खानापूर_४३

नमस्कार मंडळी. टीव्ही ४३ इंची, फोर-के, साधा एलईडी. बघणं तीन वाटांनी: वायफायवरून ओटीटी, केबलचा सेट टॉप बॉक्स आणि पेनड्राइव्ह. तिन्हीकडे काळ्या पट्ट्यांची तऱ्हा निराळी.

ओटीटीवर बरेच हिंदी, मराठी, कन्नड सिनेमे वर-खाली पट्टे घेऊन येतात. टेप लावून मोजलं तर वर ६.८ सेंमी आणि खालीही तेवढंच. मालिका मात्र पडदाभर. सेट टॉप बॉक्सच्या एका साध्या चॅनेलवर चारही बाजूंनी काळं आणि मधे एवढासा सिनेमा. तोच सिनेमा दुसऱ्या एचडी चॅनेलवर पडदाभर, एकही पट्टा नाही. पेनड्राइव्हवरच्या एका फायलीत पट्टे नाहीत, पण माणसं उंच आणि अरुंद दिसतात.

दुकानात सांगितलं की ५५ इंची घेतला की पट्टे जातात. खरं का हे? रिमोटनं झूम केलं की पट्टे जातात, पण सबटायटलची खालची ओळ कापली जाते. शिवाय रात्री दिवा बंद केला की पट्टे काळे न दिसता राखाडी दिसतात. पट्टे कायम राहिले तर पॅनेलवर डाग पडतो का, तेही सांगा.

टिळकवाडी_पडदा

अण्णा, टेप लावलीत हे फार बरं केलंत. त्या ६.८ मध्येच उत्तर आहे.

४३ इंच हा कर्ण. पडद्याची रुंदी साधारण ९५.२ सेंमी आणि उंची ५३.५ सेंमी. भागून बघा, १.७८ येतात, म्हणजेच १६:९ (रुंदी १६ तर उंची ९). स्कोप सिनेमाची, म्हणजे थिएटरच्या रुंद पडद्यासाठी केलेल्या सिनेमाची, चौकट उंचीच्या २.३९ पट रुंद असते. ९५.२ ला २.३९ ने भागलं की ३९.८ सेंमी. ५३.५ मधून ३९.८ गेले, उरले १३.७, वर-खाली वाटले की प्रत्येकी ६.८५. तुमची टेप आणि गणित तंतोतंत जुळलं. टीव्ही ठणठणीत आहे आणि ओटीटीवर सिनेमा पुरा दिसतोय.

५५ इंची घेतलात तर पट्टा जाणार नाही, उलट मोठा होईल: रुंदी १२१.८, उंची ६८.५, आणि पट्टा प्रत्येकी ८.८ सेंमी. आकार वाढला तरी १६:९ हे प्रमाण तेच राहतं. दुकानातलं म्हणणं साफ चूक आहे, त्यासाठी पैसे घालू नका. मोठा टीव्ही घ्यायचं कारण वेगळं असू शकतं: त्यावर सिनेमाच ५०.९ सेंमी उंच दिसेल, म्हणजे तुमच्या आत्ताच्या टीव्हीवरच्या मालिकेच्या उंचीला जवळपास येईल.

आता हे असं का झालं ते. मूकपटांची चौकट १.३३ होती. बोलपट आले, फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी आली, आणि १९३२ पासून १.३७ हे प्रमाण पक्कं झालं. टीव्ही जन्मला तो त्याच्याशीच मिळतंजुळतं ४:३ घेऊन. मग १९५० नंतर अमेरिकेत लोक घरी टीव्हीसमोर बसायला लागले, थिएटरं ओस पडू लागली, तेव्हा स्टुडिओंनी मुद्दाम टीव्हीला जमणार नाही असा रुंद पडदा आणला. १९५३ साली ‘द रोब’ हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. युक्ती लेन्सची होती. कॅमेऱ्यावरची लेन्स चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत ३५ मिमी फिल्मवर बसवायची, आणि थिएटरात प्रोजेक्टरवरची लेन्स तेच चित्र पुन्हा दुप्पट फाकवायची. आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप गुरुदत्त यांचा १९५९ चा ‘कागज के फूल’, आणि त्याचे छायालेखक व्ही. के. मूर्ती आपल्याच कर्नाटकातले, म्हैसूरचे.

म्हणजे टीव्हीपासून वेगळं दिसावं म्हणूनच ही चौकट रुंद केली, आणि आता तीच आपण टीव्हीवर बघतोय. पट्टे तिथून आले.

१६:९ सुद्धा उगाच ठरलेलं नाही. १९८० च्या दशकात एचडीचं प्रमाण ठरवताना जुनं ४:३ आणि रुंद २.३५ या दोन टोकांच्या मधलं माप काढलं. १.३३ गुणिले २.३५, त्याचं वर्गमूळ १.७७. दोन्ही टोकांना थोडं थोडं काळं सोसावं लागेल, पण कुणालाच फार नाही, असा तो तोडगा. म्हणून कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेल्या प्रभातचे जुने चित्रपट लावलेत तर काळं डावी-उजवीकडे येईल. तेही बरोबरच आहे, ते ओढून रुंद करू नका.

१०८० रेषांच्या पडद्यावर हिशेब असा: १.८५ चा सिनेमा असेल तर वर-खाली प्रत्येकी २१ रेषा, म्हणजे लक्षातही येत नाही. हल्लीच्या बऱ्याच वेबमालिका २:१ मध्ये असतात, त्यात ६० रेषा. २.३९ मध्ये १३८. जुन्या ४:३ ला दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलचे उभे पट्टे. फोर-के असेल तर हे सगळे आकडे दुप्पट करा.

झूमबद्दल कळकळीनं सांगतो. स्कोप सिनेमा झूम करून पडदा भरला की चित्राचा चौथा हिस्सा बाहेर जातो, डावीकडून आठवा आणि उजवीकडून आठवा. बैलगाडीच्या पुढच्या टोकाला कासरा धरलेला गाडीवान आणि मागच्या टोकाला पाय सोडून बसलेली पोरगी, दोघं एकमेकांकडे न बघता बोलताहेत, असा प्रसंग रुंद चौकटीत दोन कडांना दोन माणसं ठेवून टिपतात. मधली रिकामी गाडी हेच त्या प्रसंगाचं बोलणं. झूम केलंत की दोघांचे अर्धे चेहरे जातात आणि रिकामी गाडी तेवढी उरते. छायालेखकानं चौकट आखताना कडेची जागा मोजून वापरलेली असते हो.

शहापूर_सर्किट

वरचं सगळं बरोबर. आता सेट टॉप बॉक्सचं बघू, कारण तिथं खरोखर चूक आहे आणि ती पाच मिनिटांत निघते.

चारही बाजूंनी काळं येतंय म्हणजे दोनदा डबाबंद झालंय. जुन्या ४:३ टीव्हीसाठी सिनेमा वर-खाली पट्टे घालून ४:३ च्या चौकटीत बसवला, आणि ती आख्खी चौकट तुमच्या १६:९ पडद्यावर डाव्या-उजव्या पट्ट्यांसकट आली. ४३ इंचीवर चित्र उरतं सुमारे ७१ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच, म्हणजे पडद्याचा ४२ टक्के भाग. साध्या चॅनेलला आधीच ५७६ रेषा, त्यातल्या सिनेमाच्या वाट्याला ३२० च्या आसपास येतात. म्हणून ते पुसट पण दिसतंय.

आधी बॉक्सच्या मेनूत जा, सेटिंग, मग डिस्प्ले किंवा टीव्ही सेटिंग. आस्पेक्ट रेशो ‘४:३ लेटरबॉक्स’ किंवा ‘४:३ पॅन अँड स्कॅन’ असेल तर ‘१६:९’ करा. बॉक्स एचडी असेल तर रिझोल्यूशन १०८०आय किंवा ७२०पी ठेवा. पिवळी-लाल-पांढरी वायर लावलेली असेल तर ती काढून एचडीएमआय लावा. पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, आणि बॉक्स कुठलं प्रमाण पाठवतोय ते टीव्हीला बऱ्याचदा कळत नाही, म्हणून तो अंदाजानं ताणतो. घरोघरी बातम्या देणारी माणसं गोल गरगरीत दिसतात ती ह्याच्यामुळं, ४:३ चं चित्र १६:९ ला ताणलं की सगळं ३३ टक्के जाड होतंय.

बॉक्स नीट करूनही एखाद्या चॅनेलवर चारी बाजूंनी काळं राहिलं तर ते चॅनेलकडूनच तसं येतंय. तेवढ्यापुरतं टीव्हीचं झूम वापरा. झूम वापरणं योग्य आहे अशी ही एकच जागा: ४:३ ची चौकट रुंदीला भरेपर्यंत वाढली की सिनेमाची बाजू कापली जात नाही, जातो तो फक्त जादाचा काळा भाग. वर-खाली पट्टे राहतील, ते राहू द्या. चॅनेल बदलला की पुन्हा मूळ सेटिंग करायला विसरू नका.

टीव्हीत ही नावं शोधा. सॅमसंगमध्ये ‘पिक्चर साइज सेटिंग्ज’, त्यात ‘१६:९ स्टँडर्ड’ आणि ‘फिट टू स्क्रीन’ चालू. एलजीत ‘आस्पेक्ट रेशो’ मध्ये ‘१६:९’ किंवा ‘ओरिजिनल’, आणि ‘जस्ट स्कॅन’ चालू. सोनीत ‘वाइड मोड’ मध्ये ‘फुल’, ‘डिस्प्ले एरिया’ मध्ये ‘फुल पिक्सेल’, आणि ‘ऑटो वाइड’ बंद, नाहीतर तो मधेच आपल्या मनानं बदलतो. जस्ट स्कॅन किंवा फुल पिक्सेल नसेल तर काही टीव्ही चारी कडांचा थोडा भाग खाऊन टाकतात. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत कडा वाकड्या दिसायच्या, त्या लपवायला ही सोय होती. आताच्या पॅनेलला तिची गरज नाही.

राखाडी पट्ट्याचं कारण दोनपैकी एक. एलईडी टीव्हीत पॅनेलच्या मागं दिवे सतत जळतात, आणि काळं दाखवायचं म्हणजे समोरचा पडदा तो उजेड अडवतो. आयपीएस जातीचं पॅनेल पांढऱ्या-काळ्यात साधारण १०००:१ एवढाच फरक देतं, व्हीए जातीचं ३०००:१ ते ५०००:१. आयपीएस असेल तर अंधाऱ्या खोलीत राखाडी दिसणारच. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोड सोडून ‘सिनेमा’ नाहीतर ‘फिल्ममेकर’ मोड लावा, बॅकलाइट खाली आणा, लोकल डिमिंग (काळ्या भागामागचे दिवे मंद करायची सोय) असेल तर चालू करा. टीव्हीच्या पाठीमागं भिंतीवर पडेल असा एक लहान पांढरा दिवा लावा, ६५०० केल्व्हिनचा, दुकानात कूल डेलाइट म्हणून मिळतो. डोळ्याला तेच पट्टे काळे वाटायला लागतात.

दुसरं कारण एचडीएमआयचं. व्हिडिओत काळा रंग १६ या आकड्यावर असतो, कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० वर. बॉक्स एका पद्धतीनं पाठवतोय आणि टीव्ही दुसऱ्या पद्धतीनं वाचतोय असं झालं की १६ चं काळं राखाडी होतं आणि आख्खं चित्र धुरकट दिसतं. ‘एचडीएमआय ब्लॅक लेव्हल’ ऑटो ठेवा, तरी धुरकटच असेल तर ‘लो’ करून बघा. उलट झालं म्हणजे काळ्या केसांतले तपशील बुजले तर परत फिरवा. ओटीटीवर पट्टा काळा आणि बॉक्सवर राखाडी असेल तर दोष नक्की इथंच.

डागाचं: तुमचा एलईडी आहे, काळजी नको. ओएलईडीत पिक्सेल स्वतः जळतात, म्हणून पट्ट्याच्या जागचे कमी आणि मधले जास्त झिजतात. पण मालिका, बातम्या, क्रिकेट असं मिसळून बघणाऱ्या घरात त्याचा त्रास होत नाही. रोज तासन्तास फक्त स्कोप सिनेमेच बघायचे, तेही पूर्ण ब्राइटनेसवर, तर काही वर्षांनी फरक दिसू शकतो.

चिकोडी_फाइल

पेनड्राइव्हचं मी सांगते. दोन शक्यता आहेत, आणि दोन्ही फायलीची माहिती उघडून कळतात. संगणकावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘टूल्स’ मधून ‘कोडेक इन्फॉर्मेशन’ उघडा आणि रिझोल्यूशन बघा.

१९२०×८०० किंवा तसलं काही असेल तर फायलीत पट्टे भरलेलेच नाहीत. चांगलंच आहे ते. टीव्हीच्या प्लेअरनं ते चित्र १०८० उंचीपर्यंत ताणलंय, म्हणून माणसं ३५ टक्के उंच झालीत. प्लेअर चालू असताना पर्याय उघडून ‘फुल’ किंवा ‘स्ट्रेच’ काढा आणि ‘ओरिजिनल’ करा. काही टीव्हींच्या प्लेअरमध्ये हा पर्याय सिनेमा चालू असतानाच दिसतो, बाहेरच्या मेनूत नाही, म्हणून सापडत नाही. मुळीच नसेल तर अँड्रॉइड टीव्हीवर व्हीएलसी टाका.

७२०×५७६ असेल तर ती डीव्हीडीवरून केलेली फाइल. डीव्हीडीत रुंद चित्रसुद्धा ७२० मध्येच दाबून ठेवतात आणि ‘हे १६:९ ला फाकवा’ अशी खूण सोबत देतात. फाइल करताना ती खूण गळून पडली की चेहरे अरुंद होतात. एमकेव्ही फाइल असेल तर एमकेव्ही-टूलनिक्स या सॉफ्टवेअरच्या हेडर एडिटरमध्ये व्हिडिओ ट्रॅक निवडून ‘डिस्प्ले विड्थ’ १०२४ आणि ‘डिस्प्ले हाइट’ ५७६ लिहा, सेव्ह करा. नवीन फाइल बनवायला लागत नाही, चित्राचा दर्जा कमी होत नाही, काही सेकंदांचं काम.

प्रमाण बरोबर झालं का हे ओळखायला सिनेमातली गोल वस्तू धरा: गाडीचं चाक समोरून, घड्याळ, वरून घेतलेलं ताट. चित्र थांबवून आडवं आणि उभं टेपनं मोजा. दोन्ही सारखं आलं की झालं. चेहऱ्यावरून ठरवू नका, डोळ्याला ताणलेल्या चित्राची सवय होते आणि मग नीट चित्रच चुकीचं वाटायला लागतं.

सबटायटल पट्ट्यात जात असेल आणि झूम न करता वर घ्यायची असेल तर व्हीएलसीच्या सबटायटल सेटिंगमध्ये जागा बदलता येते, पण सबटायटलची फाइल किंवा ट्रॅक वेगळा असेल तरच. चित्रात छापलेली ओळ हलत नाही.

फाइल १९२०×१०८० असून पट्टे असतील तर ते फायलीतच रंगवलेले आहेत. १६:९ टीव्हीवर फरक पडत नाही, तसंच ठेवा. मोबाइलवर मात्र त्रास होतो, कारण मोबाइल २०:९, तिथं मग चारही बाजूंनी काळं. संगणकावरच्या व्हीएलसीत ‘सी’ हे बटण दाबत गेलं की कापायची प्रमाणं बदलतात. कायमचं कापायचं तर हँडब्रेक हे सॉफ्टवेअर वापरा, ते काळा भाग आपोआप ओळखतो. पण पहिलाच प्रसंग रात्रीचा असेल तर ओळखण्यात चुकू शकतो, म्हणून वर आणि खाली १४० च्या आसपासचे सारखे आकडे आलेत ना, ते स्वतः तपासा.

अनगोळ_लेन्स

अण्णांच्या एचडी चॅनेलचं राहिलं, ते मी सांगतो. एचडी चॅनेलवर पडदाभर दिसतोय म्हणजे कापलाच आहे असं दर वेळी नसतं.

बऱ्याचदा कापलेलाच असतो. ओळखायची खूण सुरुवातीच्या नावांत असते. नावं कडेपर्यंत पसरलेली असतात, कापली तर अर्धी जातील, म्हणून तेवढा भाग पट्ट्यांसकट किंवा आडवा दाबून दाखवतात आणि नावं संपली की चित्र एकदम पडदाभर होतं. तसं दिसलं तर पुढचा सिनेमा कापलेला समजा. दोघं बोलत असताना एकाचं नाक तेवढं कडेला दिसणं ही दुसरी खूण.

पण काही सिनेमे दाबणाऱ्या लेन्सशिवाय टिपतात, फिल्मवर किंवा सेन्सरवर वर-खाली जास्त चित्र असतं, आणि थिएटरसाठी त्यातला मधला पट्टा घेतात. ‘शोले’ घ्या, १९७५. ३५ मिमीवर टिपला आणि ७० मिमी प्रिंटसाठी २.२० च्या रुंद चौकटीत मोठा केला. अशा सिनेमाची उघडी चौकट टीव्हीवर दाखवली तर कडा जात नाहीत, वर आकाश आणि खाली जमीन जास्त दिसते. तरी माझं मत टिळकवाडीकरांसारखंच: दिग्दर्शकानं थिएटरसाठी जी चौकट ठरवली ती बघावी. उघड्या चौकटीत कधी कधी वरून लोंबणारा माइकसुद्धा येतो.

आणि एकाच सिनेमात पट्टे येत-जात असतील तर घाबरून सेटिंग बदलू नका. आयमॅक्स कॅमेऱ्यानं टिपलेले प्रसंग उंच असतात. ‘द डार्क नाइट’, २००८, ब्लू-रेवर असाच आहे: एरवी पट्टे, आयमॅक्सचे प्रसंग पडदाभर.

खानापूर_४३

अक्का, अण्णा, सगळ्यांचे आभार. बॉक्स ‘४:३ लेटरबॉक्स’ वरच होता, १६:९ केल्यावर बहुतेक चॅनेल नीट झाले. फाइल १९२०×८०४ निघाली, प्लेअरमध्ये ‘ओरिजिनल’ केलं, आता चाक आडवं-उभं सारखं भरतं. ब्लॅक लेव्हल ‘लो’ केल्यावर बॉक्सवरचा धुरकटपणा पण गेला.

एक शेवटचं. गणपतीत मंडळाच्या मांडवात सिनेमा लावायचा आहे. पडदा शिवून घ्यायचाय, १२ फूट रुंद. प्रोजेक्टर १६:९ चा. उंची किती धरू? आणि तिथं पट्टे दिसू नयेत म्हणून काही करता येतं का?

टिळकवाडी_पडदा

येतं की. प्रोजेक्टरचं काळं टीव्हीपेक्षा जास्त राखाडी असतं, पांढऱ्या पडद्यावर ते झाकत नाही, म्हणून झाकायचं काम कापडानं करायचं.

१२ फूट रुंदीला १६:९ ची उंची ६ फूट ९ इंच. तेवढाच शिवा, कारण भजन, बक्षीस समारंभाचे फोटो, क्रिकेट हे सगळं १६:९ येणार. स्कोप सिनेमा त्यात ५ फूट उंच बसतो, वर आणि खाली साडेदहा इंच राहतात. एक फूट रुंद आणि साडेबारा फूट लांब अशा काळ्या कापडाच्या दोन पट्ट्या करा. मखमल मिळाली तर उत्तम, ती उजेड गिळते. सॅटिन किंवा चकाकणारं अस्तर घेऊ नका, ते प्रोजेक्टरचा उजेड परत फेकतं. वरची पट्टी पडद्याच्या आडव्या दांडीला बांधा. खालची वेल्क्रोनं लावा, आणि चित्राच्या कडेवर अर्धा इंच चढवा म्हणजे राखाडी रेघ दिसणार नाही. कापड लावायच्या आधी सिनेमा चालू करून सबटायटल कुठं येते ते बघा, पट्ट्यात येत असेल तर खालची पट्टी लावू नका.

प्रोजेक्टर पडद्याच्या मध्यावर, सरळ समोर ठेवा. कडेला ठेवून कीस्टोननं चौकोन सरळ केला तर चित्राचे पिक्सेल वाया जातात आणि कडेची अक्षरं मऊ होतात. पडद्याचं कापड चारी बाजूंनी आयलेट मारून दोरीनं ताणून घ्या, दर फुटाला एक आयलेट. सप्टेंबरात मांडवात वारा आणि ओल दोन्ही असते, ढिलं कापड हललं की पहिल्यांदा ह्या काळ्या कडाच वाकड्या दिसतात.